देवळालीच्या शिक्षकाची सतरा अंकी संख्या

आमचा विषय इतिहास. तरीही या स्मरणिकेसाठी आम्ही एका संख्येविषयी लिहीत आहोत, कारण अशा संख्यांना नाव देणारे गृहस्थ नाशिकशेजारच्या देवळालीत आमच्यासारखेच शाळाशिक्षक होते. ती संख्या अशी : १२३४५६७८९८७६५४३२१.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी १९३० ते १९६२ पर्यंत देवळालीत अध्यापन केले. गणितातील पदव्युत्तर पदवी त्यांच्यापाशी नव्हती, त्यामुळे त्यांच्या अंकछंदाकडे अनेक विद्वानांनी पोरखेळ म्हणूनच पाहिले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेच्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा त्यांच्या निवृत्तीला तेरा वर्षे लोटली होती. मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरील डेमलो या रेल्वे स्थानकावर त्यांना जी कल्पना सुचली, तिच्यावरून या संख्यांना 'डेमलो संख्या' हे नाव पडले.

आमची संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग. हे पडताळण्यास यंत्र नको, पाटी पुरे. १११ ला १११ ने गुणताना १११ च्या तीन ओळी एकेक घर सरकवून मांडाव्या लागतात. उभ्या रांगांत एक, दोन, तीन, दोन, एक असे एकक जमतात आणि उत्तर १२३२१ येते. नऊ ओळी मांडल्या की मधल्या रांगेत नऊ एकक येतात. कोठेही हातचा उरत नाही, म्हणून संख्या उलटसुलट सारखीच वाचता येते.

नऊ ओळींत प्रत्येकी नऊ एकक, म्हणजे एकूण ८१. अंकांची बेरीजही ८१ च. शिवाय १११११११११ ला ९ ने निःशेष भाग जातो, म्हणून तिच्या वर्गाला ८१ ने जातो. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने विभाज्य असणाऱ्या अशा संख्येला कापरेकरांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, म्हटले. भाग देऊन उरतो तो १२३४५६७९ चा वर्ग. या १२३४५६७९ मध्ये ८ नाही!

एकदा सायंकाळच्या वंदनेनंतर आम्ही अभ्यासिकेत हे फळ्यावर मांडले. 'सर, दहा एक घेतले तर?' एका विद्यार्थिनीने विचारले. ती गणिताच्या तासाला मागच्या बाकावर बसे, आणि आम्हालाही उत्तर ठाऊक नव्हते. सर्वांनी मिळून मांडले. मधल्या रांगेत दहा एकक जमले, हातचा निर्माण झाला आणि उत्तर आले १२३४५६७९००९८७६५४३२१. आरसा फुटला. डाव्या बाजूचा ८ येथेही नाहीसा!

तो कोठे गेला, हे तिनेच दुसऱ्या दिवशी वहीत मांडून आणले. दहाचा एक हातचा ९ मध्ये मिळाला, त्याचे पुन्हा दहा झाले. तेथे शून्य राहून एक पुढे गेला आणि शेजारच्या ८ चा ९ झाला.