जुना संगणक, नवी प्रणाली आणि जोखमीचा धनी

विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आणि देशभरातील कितीतरी धडधाकट संगणक एका दिवसात कागदोपत्री कालबाह्य ठरले. यंत्राचे भाग आणि त्यावर चालणारे प्रोग्रॅम यांच्यामध्ये राहून दोघांचे काम जुळवून देणारी मूळ आज्ञावली म्हणजे कार्यप्रणाली; आणि तिच्यात वेळोवेळी सापडणाऱ्या सुरक्षेच्या फटी बुजवणाऱ्या दुरुस्त्या तयार करून त्या वापरणाऱ्यापर्यंत पोहोचवण्याची कंपनीची हमी म्हणजे आधार, अर्थात सपोर्ट. आधार संपल्यावर संगणक बंद पडत नाही, त्याचा वेगही कमी होत नाही. फक्त नव्याने सापडणारी प्रत्येक फट त्याच्यापुरती उघडी राहते. जुन्या यंत्राविषयीचे सगळे प्रश्न या एका गोष्टीपासून सुरू होतात.

सांगोल्यासारख्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न हौसेचा नसून रोजच्या व्यवहाराचा आहे. माण नदीकाठचा हा दुष्काळी तालुका डाळिंबासाठी ओळखला जातो. देशातील शंभरावी किसान रेल्वे २८ डिसेंबर २०२० रोजी येथूनच पश्चिम बंगालमधील शालिमारकडे रवाना झाली. शेतमालाच्या या व्यापारामागची कागदपत्रे, मग ती अडत्याने दिलेली पट्टी असो, जीएसटीचे विवरणपत्र असो, पीकविम्याचा अर्ज असो की सातबाऱ्याचा उतारा, आता संगणकावरच तयार होतात. त्यासाठी वापरात असलेली यंत्रे मात्र पुष्कळदा पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून विकलेली, बाजारात ‘रिफर्बिश्ड’ म्हणून मिळणारी असतात. आणि नेमकी हीच यंत्रे नव्या प्रणालीच्या अटींत बसत नाहीत.

५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या विंडोज ११ ने चार गिगाबाइट रॅम आणि ६४ गिगाबाइट साठवण एवढ्या मामुली अपेक्षांबरोबर तीन कडक अटी घातल्या. पहिली अट प्रोसेसरची: इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा, किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेपासून पुढचा. दुसरी अट टीपीएम २.० ची, सांकेतिक किल्ल्या मुख्य साठवणीपासून अलग जपणाऱ्या सुरक्षा-चिपचे हे नाव आहे. तिसरी अट सिक्युअर बूटची. संगणक सुरू होताना लोड होणाऱ्या आज्ञावलीवर ओळखीची डिजिटल स्वाक्षरी आहे की नाही हे ही सोय तपासते. इंटेलच्या यंत्राची पिढी त्याच्या नावातच वाचता येते: ‘आय-५-६३००यू’ यातील शेवटच्या चार अंकांपैकी पहिला सहा आहे, म्हणजे प्रोसेसर सहाव्या पिढीचा, ‘आय-५-८२५०यू’ आठव्या पिढीचा. टीपीएमची तपासणीही अवघड नाही. विंडोजच्या ‘रन’ चौकटीत टीपीएम डॉट एमएससी असे इंग्रजीत टाइप केले की चिपची आवृत्ती दिसते, आणि ‘आढळली नाही’ असे उत्तर आले तरी ती बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरील आज्ञावलीत, केवळ बंद असण्याची शक्यता उरते, कारण चौथ्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल यंत्रांत ही सोय अंगभूत आहे.

या अटींमागे तांत्रिक कारण आहे, पण ते पूर्ण नाही. प्रणालीच्या गाभ्यात अनोळखी आज्ञा घुसू नयेत म्हणून त्याच्यावर वेगळ्या, बंदिस्त कप्प्यातून पहारा ठेवण्याची सोय विंडोज ११ मध्ये आहे. तिला लागणारे साहाय्य इंटेलच्या प्रोसेसरांत सातव्या पिढीपासून आले आणि त्याआधीच्या यंत्रांत तेच काम आज्ञावलीवर पडत असल्याने ती मंदावतात. मात्र या हिशेबाने सातवी पिढी पात्र ठरायला हवी होती. प्रत्यक्षात ती जवळजवळ सगळी वगळली गेली आणि जे मोजके अपवाद केले गेले त्यांत मायक्रोसॉफ्टच्याच सरफेस स्टुडिओ २ या महागड्या संगणकातील प्रोसेसर होता. आधाराची रेषा अभियंते आणि विक्री विभाग दोघे मिळून आखतात, हे यावरून दिसते. आणि म्हणूनच ती ओलांडता येते.

ओलांडण्याच्या वाटा साधारण तीन आहेत. पहिली वाट अटींची तपासणीच टाळण्याची. प्रणालीच्या अंतर्गत नोंदी ठेवणाऱ्या रजिस्ट्रीमध्ये एक नोंद वाढवली की जुन्या प्रोसेसरवर आणि टीपीएमच्या १.२ या जुन्या आवृत्तीवरही विंडोज ११ चढवता येते, हे एके काळी मायक्रोसॉफ्टनेच आपल्या मार्गदर्शक पानावर दिले होते; पुढे तो मजकूर काढून टाकला गेला. रुफस या मोफत प्रोग्रॅमने पेनड्राइव्ह तयार करताना या अटी वगळण्याचा पर्याय मिळतो. अशा यंत्रावर मासिक दुरुस्त्या सहसा येत राहतात, पण त्या मिळण्याचा हक्क नाही असे कंपनी स्पष्ट बजावते, आणि वर्षाकाठची नवी आवृत्ती बहुधा हाताने चढवावी लागते. काही अटी तर टाळता येण्यासारख्या नाहीतच. २०२४ च्या आवृत्तीपासून विंडोज ११ ला प्रोसेसरमध्ये विशिष्ट मूलभूत सूचना असाव्या लागतात. त्या नसलेले कोअर टू ड्युओच्या काळातले संगणक सुरूच होत नाहीत. शिवाय सिक्युअर बूटसाठी २०११ मध्ये दिलेल्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपू लागत असल्याने, ज्या जुन्या यंत्रांचे बायोस वर्षानुवर्षे अद्ययावत झालेले नाहीत, त्यांच्या सुरुवातीच्या तपासणीचा भरवसाही कमी होत जातो. ॲपलच्या जुन्या संगणकांसाठी ओपनकोअर लेगसी पॅचर हा असाच खटाटोप स्वयंसेवक करतात. पण इंटेल प्रोसेसरवर चालणारी मॅकओएसची शेवटची आवृत्ती टाहो असल्याचे ॲपलने जाहीर केल्याने त्याचीही कड आता दिसू लागली आहे.

दुसरी वाट लिनक्सची. ही मुक्त, विनामूल्य प्रणाली पेनड्राइव्हवरून, मूळ डिस्कला हात न लावता चालवून पाहता येते; वाय-फाय, आवाज, पडदा नीट चालतो की नाही हे अर्ध्या तासात समजते आणि पसंत पडल्यावरच ती बसवता येते. लिनक्स मिंटच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत आधार आहे आणि तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती चार गिगाबाइट रॅमवर समाधानकारक चालते. लिनक्सवर सगळे जुने चालते हा समज मात्र खरा नाही: तिच्या गाभ्याने ३८६ प्रोसेसरचा आधार २०१३ मध्येच काढला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२-बिट संगणकांसाठी स्वतंत्र स्थापना देणे थांबवले. शाळांसाठी ही वाट भारतात चोखाळलेली आहे. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त प्रणालीवरच संगणकशिक्षण उभे केले आहे आणि सी-डॅकने विकसित केलेल्या बॉस लिनक्समध्ये मराठीसह भारतीय भाषांची सोय आहे. पाठ्यपुस्तकातले टंकलेखन, आलेख, चित्रे आणि इंटरनेटवरचा शोध यांसाठी ज्या प्रयोगशाळेला संगणक हवेत, तिचे सहाव्या पिढीचे संगणक भंगारात काढण्याचे कोणतेही सबळ कारण नाही.

तिसरी वाट पैसे किंवा नोंदणीच्या बदल्यात मुदतवाढ घेण्याची. घरगुती वापरासाठी विंडोज १० च्या सुरक्षा-दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची योजना मायक्रोसॉफ्टने आणली. मायक्रोसॉफ्ट खात्याशी संगणकाची सेटिंग्ज जोडणाऱ्याला ती विनामूल्य, अन्यथा ३० डॉलरला. संस्थांसाठी ती तीन वर्षांपर्यंत असून दर पहिल्या वर्षी प्रति संगणक ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट असा आहे. शिक्षणसंस्थांना मात्र तीच सोय अनुक्रमे एक, दोन आणि चार डॉलरला मिळते; हा दर ठाऊक नसल्याने नव्या खरेदीचा प्रस्ताव घाईने पुढे सरकवला जाण्याची शक्यता असते.

वाट निवडताना प्रोसेसरच्या पिढीपेक्षा संगणकाला काय जोडलेले आहे हे जास्त निर्णायक ठरते. झेरॉक्सच्या दुकानात हमखास दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० हा लेझर प्रिंटर पानाची आखणी स्वतः करत नाही. ती संगणकावर होते आणि तयार पान प्रिंटरकडे जाते, त्यामुळे योग्य ड्रायव्हर नसला तर तो प्रिंटर निरुपयोगी ठरतो, आणि लिनक्सवर तो चालवताना तंत्रज्ञाची बरीच दमछाक होते. टॅलीप्राइम ही हिशेबाची आज्ञावली विंडोजसाठीच बनते. ‘आधार’ ओळख क्रमांकाच्या पडताळणीसाठीच्या अंगठा-यंत्रांसोबत मिळणाऱ्या आज्ञावल्याही प्रामुख्याने विंडोज आणि अँड्रॉइडसाठी असतात. हिशेबनीस आणि लोकांचे सरकारी अर्ज भरून देणारे सेवा केंद्रचालक लिनक्सकडे वळत नाहीत याचे कारण अज्ञान नव्हे, तर ही जोडणी आहे.

डीटीपीच्या, म्हणजे छपाईची पाने संगणकावर मांडण्याच्या, धंद्यात ही गुंतागुंत सर्वांत जुनी आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, ग्रामदैवताच्या यात्रेची पत्रके यांचा वर्षानुवर्षांचा साठा पेजमेकरमध्ये आणि श्री-लिपीच्या अक्षरांत पडून आहे. पेजमेकरची शेवटची, म्हणजे ७.० ही आवृत्ती २००१ मधली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी ही युनिकोडपूर्व काळातली व्यवस्था. तिच्या जुन्या फाँटमध्ये ‘क’ किंवा वेलांटी इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक जागी बसवलेली असल्याने तीच फाइल त्या फाँटविना उघडली की पडद्यावर अर्थहीन इंग्रजी अक्षरे उमटतात. जुन्या आवृत्त्या डाँगल या छोट्या कुलपाशिवाय चालत नाहीत, त्या कुलपाचा ड्रायव्हर ३२-बिट प्रणालीसाठी लिहिलेला असतो आणि ६४-बिट विंडोज असा ड्रायव्हर स्वीकारत नाही. विंडोज ११ तर ६४-बिट स्वरूपातच येते. गंमत अशी की लिनक्सवर देवनागरी घडवणारा लोहित हा युनिकोड फाँटही मॉड्युलर इन्फोटेकनेच तयार केला आणि रेड हॅटने तो मुक्त परवान्याखाली सर्वांना दिला. एकाच पुणेरी कारखान्यातली अक्षरे एकीकडे जुन्या यंत्राला कुलूप घालून आहेत आणि दुसरीकडे त्याच यंत्राला नवे आयुष्य देत आहेत. डीटीपीचालकासाठी शहाणपणाचा मार्ग म्हणजे जुना संगणक जसाच्या तसा, पण इंटरनेटची वायर काढून ठेवणे, त्यावर फक्त जुन्या फाइली उघडणे, नवे काम युनिकोडमध्ये दुसऱ्या यंत्रावर करणे आणि दोहोंमध्ये फिरणारा पेनड्राइव्ह प्रत्येक वेळी तपासून घेणे.

कोणतीही वाट धरली तरी आधी यंत्राची डागडुजी करावी लागते. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि रॅम आठ गिगाबाइट केली, तर सहाव्या-सातव्या पिढीचा संगणक रोजच्या कामाला कमी पडत नाही. मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सीआर२०३२ सेल संपला, की प्रत्येक वेळी बंद केल्यावर घड्याळ काही वर्षे मागे जाते. मग सरकारी संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे ब्राउझरला अजून लागू न झालेली वाटतात आणि तो ‘जोडणी सुरक्षित नाही’ म्हणून अडून बसतो. नवी प्रणाली टाकण्याचा खर्च सांगितला जातो तेव्हा कधी कधी एवढा एक सेल बदलणे पुरते.

या सगळ्या हिशेबात एक रकाना नेहमी रिकामा राहतो, तो जोखीम कोणाची याचा. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने ज्या फटीतून शिरकाव केला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्या संगणकांवर ती चढवली गेली नव्हती, किंवा ज्यांच्यासाठी ती तेव्हा निघालीच नव्हती, ते बळी पडले. डीटीपीच्या दुकानातील अशा हल्ल्यात नुकसान दुकानदाराचे होते आणि ती जोखीम पत्करण्याचा अधिकारही त्याचाच आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांचे निबंध जातील. सेवा केंद्राच्या संगणकात मात्र कोळे, जवळा, महूद अशा गावांतून आलेल्या माणसांचे आधार क्रमांक, बँक पासबुकांच्या प्रती, जातीच्या दाखल्यांची कागदपत्रे ‘डाउनलोड्स’ या कप्प्यात महिनोन्‌महिने तशीच पडून राहू शकतात. तेथे तपासणी चुकवून चढवलेल्या प्रणालीची जोखीम चालक घेतो आणि किंमत रांगेत उभा राहिलेला शेतकरी मोजतो, त्याला न विचारता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती बाळगणाऱ्यावर तिच्या रक्षणाची जबाबदारी टाकलेली आहे. आधार नसलेले यंत्र हे त्या जबाबदारीतून सुटण्याचे कारण होऊ शकत नाही.

म्हणून एकच नियम सगळीकडे लागू करता येत नाही. स्वतःचीच माहिती असलेल्या घरगुती संगणकावर तपासणी टाळून विंडोज ११ चढवणे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे; प्रयोगशाळेसाठी लिनक्स पुरेसे आहे; जुन्या फाइलींसाठी इंटरनेटविना ठेवलेले जुने यंत्र योग्य आहे; पण जेथे परक्याची माहिती हाताळली जाते तेथे आधार असलेली प्रणाली, मुदतवाढ घेऊन का होईना, असायलाच हवी. खरोखर निकामी झालेले यंत्र १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार अधिकृत पुनर्चक्रीकरणाकडे द्यावे लागते. शाळा आणि ग्रामपंचायती निर्लेखनाचा प्रस्ताव करताना डेडस्टॉक रजिस्टरमधील खरेदीचे वर्ष पाहतात. त्याच ओळीत प्रणालीचे नाव, तिच्या आधाराची अखेरची तारीख आणि त्या यंत्रावर कोणाची माहिती राहते, या तीन नोंदी वाढवल्या तर कोणते यंत्र प्रयोगशाळेत हलवायचे, कोणते इंटरनेटपासून तोडायचे आणि कोणते बदलायचे, हे ठरवण्यासाठी विक्रेत्याचा सल्ला घ्यावा लागणार नाही.