मूत्रपिंडाचे दुखणे, हृदयावर घाव

मूत्रपिंडाचा आजार म्हटला की घरात पहिला प्रश्न येतो, ‘आता डायलिसिस करावे लागणार का?’ ही भीती रास्त आहे. पण अनेक रुग्णांना डायलिसिसची वेळ येण्याआधीच हृदयविकार किंवा पक्षाघात गाठतो. म्हणून किडनीच्या रुग्णाने हृदयाचीही तितकीच काळजी घ्यायला हवी.

हे नाते वैद्यकाला जुन्या काळापासून ठाऊक आहे. लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधील डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी १८३६ मध्येच नोंदवले होते की लघवीतून प्रथिने जाणाऱ्या अनेक रुग्णांचे हृदय मोठे झालेले असते.

असे का होते? हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा भाग मूत्रपिंडांकडे जातो. ही गाळणी मंदावली की मीठ आणि पाणी शरीरात साचते व रक्तदाब चढतो. त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलताना हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड आणि ताठर होते. रक्तात फॉस्फरस वाढला की रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम जमते आणि लवचिक नळ्या कडक होतात. रक्त तयार होण्यासाठी मूत्रपिंडातून पाझरणारे संप्रेरक कमी पडते, रक्तक्षय होतो आणि हृदयाला जास्त राबावे लागते. पोटॅशियम फार वाढले तर हृदयाचे ठोकेच बिघडतात.

हे सारे निमूटपणे घडते. पायांवर सूज, धाप, थकवा जाणवेपर्यंत बरेच नुकसान झालेले असते. म्हणून मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी वर्षातून एकदा दोन तपासण्या कराव्यात: रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन. क्रिएटिनिनवरून ‘ईजीएफआर’ काढतात. तो तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला तर तो मूत्रपिंडाचा जुनाट आजार मानला जातो. आकडा चांगला असूनही लघवीतून अल्ब्युमिन सतत जात असेल, तर तोही इशाराच आहे.

घरात काय करता येईल? दिवसभराचे मीठ सपाट चमच्याच्या आत ठेवा. लोणचे, पापड, खारी सुकी मासळी कमी करा. ‘लो सोडियम’ मिठात बहुधा पोटॅशियम असते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकच्या गोळ्या मनाने घेऊ नका. तंबाखू सोडा. बरे वाटते म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करू नका. त्यांतील काही गोळ्या मूत्रपिंड आणि हृदय दोघांनाही जपतात.

रमजानपूर्वी किडनीच्या रुग्णाने डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. दिवसभर पाणी न मिळाल्याने मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो, आणि इफ्तारच्या खजुरांत पोटॅशियम भरपूर असते. आजारी माणसाला रोजातून सवलत दिलेली आहे. ती घेण्यात संकोच कसला?

अम्मी-अब्बांना रक्तदाब तपासायला न्याल तेव्हा डॉक्टरांना एवढे जरूर विचारा, ‘लघवीतले अल्ब्युमिन कधी तपासले होते?’