थांबायचं कुठं

पहाटे साडेचार. दसरा झाला की आमच्याकडं या वेळेला अंगावर काहीतरी घ्यावं लागतं. गाडी काढायच्या आधी टायरची हवा, स्टेपनी, रेडिएटरचं पाणी बघायचं, मागच्या सीटखाली पाण्याचा जार ठेवायचा. डिझेल आदल्या रात्रीच टाकलेलं असतं, कारण पाहुणे बसल्यावर पंपावर रांगेत उभं राहिलं की दिवसाची सुरुवात डिझेलच्या वासानं होते. बाकी गाडी पोरानं धुतली तरी चालते, काचा मी स्वतः पुसतो. डोंगर दाखवायचा धंदा आणि काच मळकी, हे जमत नाही.

परभणी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं गोदाकाठची काळी सपाट जमीन येते, आणि जिल्ह्याच्या बहुतेक भागाला ते लागूही आहे. पण उत्तरेच्या अंगाला, आमच्या जिंतूर तालुक्यात, अजिंठ्याच्या रांगेचे फाटे येऊन टेकलेत. हिमाचल बघून आलेल्या माणसाला मी आधीच सांगून टाकतो, की इथं बर्फ नाही, देवदार नाहीत, ‘व्ह्यू पॉइंट’ची पाटी नाही. सपाट माथ्याच्या टेकड्या आहेत, साग आहे, धावडा आहे, सीताफळीची झुडपं आहेत. पाटी नसल्यामुळं थांबायचं कुठं हे ड्रायव्हरला ठरवावं लागतं, आणि माझ्या मते आमच्या कामात खरं काम तेवढंच. स्टिअरिंग काय, कोणीही फिरवतं.

पावणेसहा. लॉजच्या दारात चौघं उभे. आजी मूळच्या बोरीच्या, लेक आणि सून पुण्यात, नातू अमेरिकेत सिएटलला, दिवाळीसाठी आलेला. लेकानं, म्हणजे साहेबांनी, मोबाइलवर यादी केली होती : नेमगिरी, चारठाणा, लोणार, औंढा, येलदरी. मी म्हटलं, “साहेब, ही दोन दिवसांची यादी आहे. आज तीनच होतील.” लोणारचं विवर पावणेदोन किलोमीटरहून रुंद, 2020 पासून त्याला रामसर पाणथळीचा दर्जा आहे, तिथं अर्ध्या तासात काठावरून वाकून बघून परत येणं म्हणजे लग्नाला जाऊन नुसता आहेर देऊन निघण्यासारखं. साहेबांना पटलं नाही, पण सूनबाई हसल्या आणि यादी आटली. पुढच्या सीटवर नातू बसायला निघाला होता, तिथं मी आजींना बसवलं. डोंगर पुढच्या काचेतून दिसतो, बाजूच्या काचेतून पळतो.

सहा. नेमगिरी, गावापासून तीनेक किलोमीटर. उजाडायच्या आत वर पोचायचं, कारण गर्दी नसते आणि दुसरं म्हणजे दक्षिणेकडं बघितलं की सपाटी, उत्तरेकडं बघितलं की टेकड्या, असा जिल्ह्याचा सांधा एका जागी उभं राहून दिसतो. साहेब मोबाइल काढेपर्यंत मी गप्प राहतो. मग सगळे दर्शनाला जातात. सात जैन गुंफा आहेत, दारं इतकी बुटकी की वाकल्याशिवाय आत शिरता येत नाही. आत नेमिनाथ, शांतिनाथ, पार्श्वनाथ, बाहुबली. एवढी मूर्ती एवढ्या दारातून आत आली कशी, हे प्रत्येक पाहुणा विचारतो. मी म्हणतो, डोंगर आधी की मूर्ती आधी, ते तुम्ही ठरवा. पार्श्वनाथांची मूर्ती एका लहानशा दगडावर तोललेली आहे, भाविक तिला अंतरिक्ष पार्श्वनाथ म्हणतात. आजी तिथं बराच वेळ बसल्या. मी घाई केली नाही.

साडेसात. गावात येऊन सुशीला. पुण्याच्या सूनबाईंना वाटलं कोणी बाई आहे. भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी, वर डाळ्याचं कूट. दोन प्लेटी खाल्ल्या त्यांनी.

साडेआठ. जालना रस्त्यानं चारठाण्याकडं. या दिवसांत रस्त्याची एक बाजू आमची नसते, सोयाबीनची असते. मळणी झालेलं सोयाबीन डांबरावर वाळत घातलेलं, दोन्ही टोकांना दगड, मध्ये खाटेवर म्हातारा राखणीला. त्यावरून चाक घालायचं नाही, हॉर्नही वाजवायचा नाही, उलटं समोरची गाडी जाईपर्यंत थांबायचं. नातवानं विचारलं, हे कायदेशीर आहे का? मी म्हटलं, कायद्याचं माहीत नाही, पण म्हाताऱ्याच्या हातात काठी आहे.

चारठाण्यात यादवकाळातली देवळं आहेत, बारव आहे आणि एक उंच दगडी स्तंभ. घडीव दगडावर घडीव दगड, मध्ये चुना नाही. गावाच्या वस्तीतच हे सगळं आहे, कुंपणापलीकडं म्हैस बांधलेली, अलीकडं कोरीव खांब. काही पाहुण्यांना याचं वाईट वाटतं. मला तितकंसं वाटत नाही, माणसांच्या राबत्यातलं देऊळ निदान कोणाच्या तरी नजरेखाली राहतं. पण बारवेत प्लॅस्टिकची पिशवी दिसली की माझंही डोकं फिरतं. साहेबांनी सगळ्या बाजूंनी फोटो काढले. आजी पायरीवर बसून गावातल्या बाईशी बोलत होत्या. अर्ध्या तासात दोघींचं कुठलंसं नातं निघालं.

बारा. परत जिंतूरला, ओळखीच्या घरी जेवण. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, ठेचा, कांदा. मी पाहुण्यांच्याच पंगतीला बसतो. निराळं बसलं की माणसं दुपारभर ‘ड्रायव्हर’ म्हणूनच बोलतात.

जेवताना नातवानं अलास्कातल्या देनालीची गोष्ट सांगितली. डोंगरात जाणारा एकच रस्ता, 92 मैलांचा. पहिल्या 15 मैलांपुढं एरवी कोणाला खासगी गाडी नेता येत नाही. हायवे झाला आणि गर्दी वाढणार हे दिसलं, तेव्हा 1972 मध्ये त्यांनी बस सुरू केली. बसचा ड्रायव्हरच चालवता चालवता माहिती सांगतो. प्रवाशाला अस्वल किंवा सांबरासारखं काही दिसलं की त्यानं ‘स्टॉप’ ओरडायचं, बस उभी. 2021 मध्ये तर दरड सरकल्यामुळं अर्ध्या रस्त्यापुढं बसही बंद झाली. मला हे फार आवडलं. बंद रस्ता नव्हे, तो आमच्याकडं शक्य नाही, इथं कापसाचे टेम्पो आणि वडाप त्याच रस्त्यानं जाणार. आवडलं ते हे, की थांबायचा हक्क प्रवाशाला दिलाय. मी म्हटलं, दुपारी आपण हाच नियम लावू. ज्याला दिसेल त्यानं ओरडायचं.

दोन. येलदरीचा रस्ता. पहिली हाक आजींनी दिली, “थांब रे बाबा!” मी ब्रेक मारला. टोपलीत सीताफळं घेऊन दोन पोरी बसल्या होत्या. आजींनी एकेक फळ दाबून बघितलं, डोळे उघडलेलं कोणतं, आज पिकेल कोणतं, उद्या कोणतं, आणि भाव करायला एवढा वेळ घेतला की नातू म्हणाला, अलास्कात अस्वलालासुद्धा इतका वेळ देत नाहीत.

दुसरी हाक त्याची. उताराच्या कडेला रोही उभा होता, मोठा नर, निळसर राखाडी. इंजिन बंद, दार उघडायचं नाही, हे मी आधीच सांगितलेलं. पाच मिनिटं तो आमच्याकडं बघत होता, आम्ही त्याच्याकडं. मागून मोटरसायकलवर एक शेतकरी आला, थांबला, आत डोकावून म्हणाला, “आवडला का? घेऊन जा पुण्याला. सोयाबीन खाऊन झालं, आता हरभरा उगवायची वाट बघतोय.” साहेब ओशाळून हसले. त्या माणसाला रात्री शेतावर जागावं लागतं, डबा वाजवत; मी त्याच्या बाजूनं बोलायला जात नाही, तो स्वतःच चांगलं बोलतो.

तिसरा थांबा माझा. रस्त्यासाठी टेकडी कापली आहे तिथं मी गाडी कडेला घेतो आणि सगळ्यांना उतरवतो. बघायला काय? भिंत. खाली काळा घट्ट दगड, वर भुसभुशीत मुरूम, मग लालसर पट्टा, त्यावर पुन्हा काळा दगड. लोणारला विद्यार्थी नेणाऱ्या एका प्राध्यापकांकडून मी हे शिकलो. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा वाहिला, एकदा नव्हे, थरावर थर. एक थर निवला, त्याचा वरचा भाग कुजून माती झाली, त्यावर पुढचा तप्त थर आला आणि माती विटेसारखी भाजली गेली. तो हा लाल पट्टा. टेकड्यांचे माथे सपाट आणि उतार पायऱ्यांचे का, तेही याच्यात आलं. सकाळी नेमगिरीला ज्याच्या पोटात शिरलो तो हाच दगड, चारठाण्याचा खांब याचाच, आणि लोणारला आकाशातून येऊन धोंडा आदळला तोही याच्यावरच. नातवानं पोकळीतून निसटलेली गारगोटी उचलून खिशात टाकली. साहेबांनी पहिल्यांदाच मोबाइल खिशात ठेवला आणि लाल पट्ट्यावर बोट फिरवून बघितलं. या थांब्याचं नाव कुठल्या यादीत नाही.

साडेचार. येलदरी. पूर्णेवरचं हे धरण 1968 मध्ये पुरं झालं, साठा 934 दशलक्ष घनमीटरच्या घरात. इथं पाणी आधी साडेसात-साडेसात मेगावॉटच्या तीन संचांवर वीज करतं, मग नदीनं खाली सिद्धेश्वरला जातं आणि तिथून कालव्यांनी शेतात. एकाच पाण्याकडून दोनदा काम करून घेतलंय. पाऊस चांगला झालेल्या वर्षी टेकड्यांच्या बेचक्यांत पाणी शिरतं आणि माथे बेटांसारखे उरतात. हे बघायला भिंतीजवळ जायचं नाही, अलीकडच्या वळणावर थांबायचं. पलीकडं हिंगोली जिल्हा. 1999 पर्यंत तोही परभणीच होता, आजी अजून त्याला परभणीच म्हणतात.

साडेपाच. आजी म्हणाल्या, “आता औंढ्याला चल. नागनाथाचं दर्शन घेतल्याशिवाय मी जात नाही.” मी समजावलं, आजी, वाटेतच अंधार पडेल, डोंगर काही दिसायचा नाही.

“दर्शनाला डोंगर कशाला दिसायला पाहिजे?”

याच्यावर मला उत्तर सुचलं नाही. नामदेवांना विसोबा खेचर औंढ्यातच भेटले असं सांगतात, आणि तेही नामदेवांना बरंच ऐकवून गेले होते. शेवटी ठरलं ते असं, की उद्या पहाटे चारला निघायचं, औंढा करून दहाच्या आत परत, अर्ध्या भाड्यात. सूनबाईंनी चारचं ऐकून सुस्कारा टाकला.

साडेसात. लॉजवर सोडलं. पैसे मोबाइलवर आले. वहीत किलोमीटर लिहिले, डिझेल वजा केलं, सीताफळं आजींनी मलाही दिली होती ती सीटखालून काढली. बंपरमध्ये सोयाबीनचा भुसा अडकलेला होता. पुन्हा काच पुसली.

तेवढ्यात रविवारसाठी फोन आला. नांदेडची मंडळी, सात जण. लोणार, औंढा, येलदरी, नेमगिरी आणि जमलं तर वेरूळ, एका दिवसात. मी म्हटलं, दोन ठिकाणं होतील. पलीकडचा म्हणाला, “दोनच? मग दिवसभर गाडीत बसून करायचं काय?”

“बसल्यावर सांगतो,” मी म्हटलं. “आगाऊ पाचशे पाठवून ठेवा. आणि तुमच्यात वयानं सगळ्यात मोठं कोण आहे? पुढची सीट त्यांची.”