भागीदाराचे भांडवल खाते : वहीतला आकडा आणि कराचा आकडा

भावाभावांनी किंवा दोस्तांनी मिळून काढलेला धंदा मोडतो, तेव्हा भांडण बहुधा 'माझे किती आणि तुझे किती' यावरच होते. त्याचे उत्तर भागीदाराच्या भांडवल खात्यात असते. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, अशी आज्ञा सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. तरीही आपले अनेक व्यापारी बंधू हे खाते न वाचताच ताळेबंदावर सही करतात. म्हणून ते कसे चालते, हे आम्ही येथे सांगत आहोत.

समजा, मालेगावात दोन भावांनी यंत्रमागाचा कारखाना काढला. थोरल्याने ६ लाख रुपये रोख घातले. धाकट्याने पूर्वी २ लाखांना घेतलेली जागा दिली. ती वहीत ४ लाखांना धरली. वर्षअखेर कर भरून ३ लाख नफा उरला, तो निम्मा निम्मा जमा झाला. थोरल्याने घरखर्चासाठी ५० हजार उचलले, धाकट्याने अडीच लाख. आता थोरल्याच्या खात्यावर ७ लाख आहेत, धाकट्याच्या ३ लाख. नफ्याचा वाटा सारखा, पण भांडवलावरचा हक्क सारखा राहिला नाही.

आता कराची बाजू पाहू. धाकट्याने जागा पेढीला दिली तेव्हा ती विकल्याचे धरले जाते आणि वहीत लिहिलेले ४ लाख हीच विक्रीची किंमत मानली जाते. म्हणजे भांडवली नफ्याचा प्रश्न त्याच वर्षी उभा राहतो. आकडा लिहिण्यापूर्वीच सल्ला घ्यावा.

पुढे जागेचा भाव वाढला म्हणून वहीत तिची किंमत ९ लाख केली. वाढलेल्या ५ लाखांतले अडीच लाख धाकट्याच्या खात्यात जाऊन ते साडेपाच लाख झाले आणि तेवढी रक्कम घेऊन तो बाहेर पडला. २०२१ च्या वित्त कायद्याने बदललेल्या नियमाप्रमाणे कर खाते अशी फेरमूल्यांकनाची वाढ भांडवलात मोजत नाही. त्याच्या लेखी धाकट्याचे भांडवल ३ लाखच. वरचे अडीच लाख पेढीचा भांडवली नफा ठरतात आणि त्यावरचा कर पेढीवर, म्हणजे मागे राहिलेल्या थोरल्यावर पडतो. हिशेब मिटवताना हा कर आधी बाजूला काढला नाही, तर भाऊबंदकी ठरलेलीच.

व्याजाचेही समजून घ्यावे. भागीदाराला भांडवलावर दिलेले व्याज १२ टक्क्यांपर्यंत पेढीला खर्चात धरता येते. पण ते द्यावेच, अशी कायद्याची सक्ती नाही. ज्यांना व्याज नको त्यांनी करारपत्रात तसे स्पष्ट लिहावे. खर्चाची ती वजावट जाईल. मात्र काम करणाऱ्या भागीदाराचा मोबदला करारात लिहिलेला असेल, तर तो ठराविक मर्यादेत खर्चात धरता येतो. १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराचा मोबदला, बोनस, कमिशन व व्याज मिळून वर्षाला २० हजारांवर गेल्यास पेढीने १० टक्के कर कापायचा आहे. रक्कम हातात न देता खात्यावर नुसती जमा केली तरीही. नफ्याच्या वाट्यावर मात्र पेढीने कर भरलेला असतो, म्हणून भागीदाराला तो पुन्हा लागत नाही. मर्यादित दायित्व भागीदारीलाही कराचे हेच नियम आहेत.

शेवटची गोष्ट नुकसानीची. करार नसेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार नफा आणि तोटा दोन्ही समान वाटले जातात, भांडवल कितीही असो. शरीअतमध्ये नफा ठरल्याप्रमाणे वाटता येतो, पण तोटा भांडवलाच्या प्रमाणातच सोसायचा असतो. हे हवे असेल तर करारपत्रात लिहावेच लागेल.

तेव्हा व्यापारी बंधूंनो, दरवर्षी ३१ मार्चनंतर सर्व भागीदारांनी एकत्र बसावे, प्रत्येकाचे खाते मोठ्याने वाचावे आणि मगच सही करावी. त्या एका तासाने पुढच्या पिढीचे कोर्टाचे हेलपाटे वाचू शकतात.