ओळख आभाळाची – लेखांक ५ : पळता ढग आणि चढता ढग

जुलैतली सकाळ. इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या डाळिंबाच्या बागेत उभे राहा. पश्चिमेकडून करडे ढग एकामागून एक येतात, त्यांची सावली बागेवरून सरकत पलीकडच्या उसात शिरते, चार थेंब पडतात आणि पानांवरची धूळसुद्धा धुतली जात नाही. त्याच घटकेला ताम्हिणीत पाऊस धो धो कोसळत असतो. ‘आभाळ रोज येतंय, मग पडत का नाही?’ हा इकडचा जुना प्रश्न. मागच्या आठवड्यात आपण वाऱ्याची दिशा पाहिली. आज ढगाकडेच पाहू.

अरबी समुद्रावरची ओली हवा सह्याद्री चढताना थंड होते आणि बरेचसे पाणी घाटमाथ्यावरच सांडते. पूर्वेला उतरताना तीच हवा दाबली जाऊन तापते, कोरडी होते. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, तर बारामती-इंदापूरला जेमतेम पाचशेच्या आसपास. जुलैतले आपले ढग या हवेबरोबर पळतात, पण त्यांना वर चढायला बळ नसते. बुडाला काळपट, डोक्याला चपटे. त्यांच्या रंगावर जाऊ नका, उंची बघा.

ढग ओळखायला हाताची बोटे पुरतात. हात लांब करून डोक्यावरच्या ढगांवर धरा. एकेक पुंजका करंगळीआड लपला, तर ते ढग बहुधा सर्वांत वरच्या मजल्यावरचे, सहा किलोमीटरच्या वरचे. करंगळीहून मोठा पण तीन बोटांत मावणारा पुंजका मधल्या मजल्यावरचा. शेतात मेंढरे बसवावीत तसे हे ढग रांगेने दिसतात. त्यांना अल्टोक्युम्युलस म्हणतात. तीन बोटांतही न मावणारे गठ्ठे दोन किलोमीटरच्या खालचे, स्ट्रॅटोक्युम्युलस. आपले पळते ढग बहुतेक याच जातीचे.

पिंजलेल्या कापसाच्या धाग्यांसारखे दिसतात ते तंतुमेघ, म्हणजे सिरस. ते बर्फाच्या कणांचे असतात. अशाच बर्फाचा पातळ पडदा आभाळभर पसरला की चंद्राला खळे पडते. मळभ मात्र वेगळे. आभाळभर एकसारखी राखाडी चादर, सूर्य दुधी काचेआडून दिसावा तसा. ऑक्टोबर छाटणीनंतर असे मळभ दोन दिवस राहिले की द्राक्ष बागायतदाराला डाऊनीची धास्ती पडते, ती उगाच नाही. ओलावा आणि दमट हवा त्या बुरशीला मानवते.

आता चढता ढग, क्युम्युलस. दुपारी बारा-एकला तो कापसाच्या बोंडाएवढा दिसतो. बूड सपाट, कारण वर जाणाऱ्या हवेतली वाफ त्याच उंचीवर थिजायला लागते. तीन वाजता डोके फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे फुगते. कडा कापून काढल्यासारख्या स्वच्छ असतील तर तो अजून चढतो आहे. कडा केसाळ, धुरकट होऊ लागल्या, माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरला, की वर बर्फ झाले. तो आता गर्जन्मेघ, क्युम्युलोनिम्बस. मे महिन्यातला वळीव याचाच, आणि परतीचा पाऊसही बहुधा याचाच. सप्टेंबरात पश्चिमेचा जोर ओसरतो, जमीन दुपारी तापते, बंगालच्या उपसागराकडून ओलावा येतो आणि आपल्या भागाला वर्षातला सर्वांत मोठा वाटा याच महिन्यात मिळतो.

ढगाच्या जाडीचे हे महत्त्व बारामतीच्याच आभाळात तपासले गेले आहे. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने 1973 ते 1986 या काळातल्या 11 पावसाळ्यांत विमानातून या भागातल्या ढगांत मिठाची बारीक पूड फवारली. ढगातले थेंब इतके बारीक असतात की पावसाचा एक थेंब व्हायला त्यातले सुमारे दहा लाख एकत्र यावे लागतात. मिठाचा कण पाणी ओढून लवकर मोठा होतो आणि वाटेतल्या थेंबांना गिळत खाली येतो. पाऊस सुमारे 24 टक्के वाढल्याचा निष्कर्ष संशोधकांनी मांडला. पण मीठ मानवले ते किलोमीटरहून जाड, पाण्याने भरलेल्या ढगांना. ढगात मुळात पाणीच नसेल, तर फवारणी काय करणार?

एक गोष्ट जिवाची म्हणून सांगतो. ऐरण दिसली, वीज चमकली की सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तिसाच्या आत गडगडाट ऐकू आला तर बांधावरचे झाड सोडा, मोटार चालू करायला जाऊ नका, पक्क्या घरात या.

या आठवड्याचा अभ्यास : रोज दुपारी एक आणि चार वाजता एकाच जागेवरून आभाळ पाहा. ढग किती बोटांचा, कुठून कुठे चालला, तीन तासांत किती चढला, एवढे तीन रकाने वहीत भरा. पुढच्या आठवड्यात याच नोंदी हाताशी ठेवून आपण गारपिटीच्या ढगाकडे वळू.