जुनी जीप ट्रेलरवर न्यायची आहे? आधी ब्रेक बघा, मग ताकद

घरातली जुनी जीप दुरुस्त होऊन पुन्हा धावू लागली की सगळ्यांचाच उत्साह वाढतो. कुणाला ती गावी न्यायची असते, कुणाला डोंगरातल्या कच्च्या रस्त्यावर, तर कुणाला जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात. जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्यात असं मोठं प्रदर्शन भरलं होतं. समजा, पुण्यातल्या एका कुटुंबाला अशाच कार्यक्रमासाठी आपली जीप बडोद्याला न्यायची आहे. अंतर सुमारे साडेपाचशे किलोमीटर आणि वाटेत खंडाळ्याचा घाट. जीप चालवत न्यायची, आपल्या गाडीमागे ट्रेलर जोडून न्यायची की भाड्याच्या वाहनावर चढवायची?

असा विषय निघाला की पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, ‘ओढेल का?’ खरं तर आजची कोणतीही दणकट डिझेल गाडी दोन टनांचा ट्रेलर सपाट रस्त्यावर ओढून नेईल. विचारायचा प्रश्न वेगळा आहे, ‘उतारावर थांबेल का?’ ट्रेलर आणि गाडी निवडताना हाच प्रश्न शेवटपर्यंत डोक्यात ठेवा.

चालवत का नेऊ नये?

विलीज जीपची जुळणी महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत सुरू केली. पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी आपल्याकडे घराघरांत ओळखीची झाली. ही गाडी शेतासाठी, कच्च्या रस्त्यासाठी आणि सावकाश चालण्यासाठी बनलेली आहे. तीन गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक, सीट बेल्ट नाही. गावातल्या रस्त्यावर ती मजा देते, पण द्रुतगती महामार्गावर मागून भरधाव येणाऱ्या ट्रकपुढे तिची आणि तुमची कसोटी लागते.

दुसरं कारण कायद्याचं आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरं असलेला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, तर फेरनोंदणीचं ५,००० रुपये ठरवलेलं आहे. पण ही गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं, दुरुस्ती अशा कारणांसाठीच ती बाहेर काढता येते.

सुरुवात वजनकाट्यापासून

ट्रेलर बघायला जाण्याआधी जीप वजनकाट्यावर न्या. जुन्या सीजे-३बीचं रिकामं वजन साधारण हजार किलोच्या आसपास असतं, पण आपल्याकडच्या बऱ्याच जिपांमध्ये नंतर डिझेल इंजिन बसवलेलं असतं, लोखंडी टप चढवलेला असतो, बंपर जाड केलेले असतात. त्यामुळे कागदावरचा आकडा आणि काट्यावरचा आकडा जुळेलच असं नाही. जोंगा तर जीपपेक्षा बरीच जड असते. म्हणून अंदाजावर जाऊ नका, काट्याची पावती घ्या.

आता बेरीज करू. जीप ११०० किलो, तिच्यातली हत्यारं, जॅक, सुटे भाग आणि पेट्रोल १०० किलो, दोन एक्सलचा लोखंडी ट्रेलर ७५० किलो. एकूण १९५० किलो. म्हणजे जीप जेमतेम एक टनाची असली, तरी तुमच्या गाडीमागे जवळपास दोन टन लटकणार आहेत.

ओढणारी गाडी कशी असावी?

इंजिनाच्या आकड्यांकडे नंतर बघा. आधी या गोष्टी तपासा.

• कंपनीच्या माहितीपुस्तिकेत ट्रेलर ओढण्याची परवानगी आणि वजनाची मर्यादा दिली आहे का? तिथे दोन आकडे असू शकतात, ब्रेक असलेल्या ट्रेलरचा आणि ब्रेक नसलेल्या ट्रेलरचा. दुसरा आकडा बराच लहान असतो. आकडाच दिलेला नसेल किंवा ट्रेलर ओढू नका असं लिहिलं असेल, तर त्या गाडीचा विचार सोडून द्या.

• गाडी स्वतंत्र चासीवर बांधलेली असावी. पिकअप आणि मोठ्या दणकट एसयूव्ही या प्रकारात मोडतात. हुक थेट चासीला बोल्टने घट्ट बसवलेला हवा. बंपरला वेल्डिंग करून लावलेला हुक शोभेपुरता ठीक, त्यावर दोन टन सोडू नयेत.

• ओढणाऱ्या गाडीचं वजन ट्रेलरपेक्षा जास्त असावं आणि तिच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जितकं मोठं तितकं चांगलं. हलक्या, आखूड गाडीला जड ट्रेलर मागून ढकलतो. कुत्र्याला शेपटाने हलवावं, तसा हा प्रकार होतो.

• हुकवर येणारं वजन मोजा. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार हुकवर असावा, असा अमेरिकेतला जुना आणि उपयोगी ठोकताळा आहे. आपल्या उदाहरणात तो साधारण १९५ ते २९० किलो होतो. हुकलाही त्याची मर्यादा असते, ती माहितीपुस्तिकेत बघा.

हा शेवटचा मुद्दा कुटुंबाने प्रवास करताना हमखास विसरला जातो. हुकवरचं वजन हे तुमच्याच गाडीवरचं ओझं असतं. पाच माणसांचे ३५० किलो, बॅगांचे ५० किलो आणि हुकवर २२५ किलो, म्हणजे ६२५ किलो झाले. गाडीच्या कमाल वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. उत्तर ६२५ पेक्षा कमी येत असेल, तर आजी-आजोबा आणि मुलांना रेल्वेने पाठवा. गाडीत चालक आणि सोबतीला एक माणूस पुरे.

ट्रेलर निवडताना

युरोपात ७५० किलोंपेक्षा जास्त कमाल वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणं बंधनकारक आहे. आपणही हाच आकडा लक्षात ठेवावा. आपला ट्रेलर त्याच्या अडीचपट जड आहे, त्यामुळे ब्रेकशिवायचा ट्रेलर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

ब्रेकचे मुख्य दोन प्रकार आहेत. एका प्रकारात पुढची गाडी हळू झाली की ट्रेलर तिच्यावर रेटतो आणि त्या रेट्यानेच त्याचे ब्रेक लागतात. दुसरा प्रकार विजेवर चालतो आणि त्याचं नियंत्रण चालकाजवळ असतं. ट्रेलर डोलू लागला, तर फक्त ट्रेलरचे ब्रेक हलकेच लावता येतात, हा दुसऱ्या प्रकाराचा मोठा फायदा. दोन्हींत एक तार हवीच. हुक निसटला तर ही तार खेचली जाऊन ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. शिवाय दोन साखळ्या हुकखाली एकमेकींना छेद देऊन बांधायच्या.

ट्रेलर दोन एक्सलचा असावा. एखादा टायर फुटला, तरी बाकीची चाकं त्याला सावरून धरतात. जीपची लांबी सुमारे ३.३ मीटर असते, त्यामुळे १४ फुटांचा तळ पुरतो. १६ फुटांचा मिळाला तर उत्तम, कारण जीप थोडी पुढे-मागे सरकवून हुकवरचं वजन नेमकं जुळवता येतं.

एक बारकावा मात्र जुन्या जीपचाच आहे. तिची डावी-उजवी चाकं एकमेकांपासून अवघ्या सव्वा मीटरवर असतात. आजच्या रुंद गाड्यांसाठी बनवलेल्या, मधून मोकळ्या असलेल्या ट्रेलरच्या फळ्यांवर ती बसतच नाही. म्हणून सलग तळ असलेला ट्रेलर घ्या किंवा फळ्या आणि चढण्याचे रॅम्प आत सरकवता येतात का, ते मोजपट्टी लावून बघा. इंजिन बंद पडलेली जीप चढवायची असेल, तर पुढच्या बाजूला विंचही हवा.

बांधणी पक्की हवी

जुन्या विलीज पद्धतीच्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, तो ट्रान्सफर केसच्या मागच्या ड्रमवर काम करतो. त्याच्या एकट्याच्या भरवशावर जीप ट्रेलरवर उभी करू नका. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा आणि चार रॅचेट पट्ट्यांनी चार कोपरे स्वतंत्र बांधा. पट्टे एक्सलला बांधले तर जीपचे पाटे मोकळेपणाने हलतात आणि खड्ड्यांत पट्टे सैल पडत नाहीत. ब्रेकच्या नळीवर मात्र पट्टा येऊ देऊ नका.

पट्ट्यावर लिहिलेला मोठा आकडा बहुतेकदा तो तुटण्याचा असतो. वापरायची मर्यादा त्याच्या साधारण एक तृतीयांश धरतात. निघाल्यावर वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबा आणि सगळे पट्टे पुन्हा ताणून घ्या.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष नको

मोटार वाहन कायद्यानुसार ट्रेलरला स्वतःचा नोंदणी क्रमांक लागतो. ओढणाऱ्या गाडीचा क्रमांकही ट्रेलरवर दिसला पाहिजे. ओळखीच्या वेल्डिंगवाल्याकडून स्वस्तात बनवून घेतलेला, नोंदणी नसलेला ट्रेलर वाटेत अडवला जाऊ शकतो आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडकू शकतो. ट्रेलर घेण्याआधीच आरटीओत नोंदणी आणि परवान्याबद्दल विचारा आणि विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

जीपला पुढे दांडा लावून तशीच चारही चाकांवर ओढत न्यावी, असाही सल्ला मिळेल. रस्त्याचे नियम अशी ओढाताण बंद पडलेल्या गाडीला जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्यापुरतीच मान्य करतात. शिवाय अशी जीप म्हणजे ब्रेक नसलेला एक टनाचा ट्रेलरच.

घाटात काय करायचं?

गाडी, माणसं आणि ट्रेलर मिळून वजन चार टनांच्या वर जातं. वेग ६० वरून ८० वर नेला, तर थांबताना ब्रेकना पावणेदोन पटींहून जास्त काम पडतं. म्हणून सपाट रस्त्यावरही ६०-७० च्या पुढे जाऊ नका. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. ब्रेक सतत दाबून ठेवला की तो तापतो आणि मग पायाखाली नुसतं पेडल उरतं.

ट्रेलर डोलू लागला, तर जोरात ब्रेक मारू नका आणि स्टिअरिंगशी झटापट करू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि वेग आपोआप उतरू द्या. थांबल्यावर जीप थोडी पुढे सरकवा, कारण बहुतेक वेळा हुकवर वजन कमी पडल्यानेच ट्रेलर डोलतो. रिव्हर्स घेण्याचा सराव मात्र मोकळ्या मैदानात आधीच करा. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरला, की हात ज्या बाजूला जाईल त्या बाजूला ट्रेलर वळतो.

भाड्याचं वाहन कधी बरं?

वर्षातून एक-दोनदाच जीप न्यायची असेल, तर ट्रेलर विकत घेऊ नका. फ्लॅटबेड ट्रक भाड्याने घ्या. त्याचे ब्रेक, टायर आणि चासी हे वजन वाहण्यासाठीच बनलेले असतात आणि चालकालाही रोजची सवय असते. ठरवताना वाहतुकीचा विमा, टोल कुणाचा आणि पक्कं बिल या तीन गोष्टी स्पष्ट करा. चढवण्याआधी जीपचे चारही बाजूंनी फोटो काढा आणि हाताने मोजून दाखवा की चाकांमधलं अंतर कमी आहे. पट्टे कुठे बांधायचे, हेही तुम्हीच सांगा.

महिन्यातून एकदा तरी जीप बाहेर काढणार असाल, दणकट गाडी घरात आधीच असेल आणि ट्रेलर उभा करायला जागा असेल, तरच स्वतःचा ट्रेलर परवडतो. अशा वेळी रंग आणि अलॉय चाकांचे पैसे वाचवा आणि ते ब्रेक, टायर व पट्ट्यांवर खर्च करा. जीपने पन्नास-साठ वर्षं काढली आहेत. ती बडोद्याला दोन तास उशिरा पोहोचली तरी चालेल, पण तिच्यासोबत निघालेले सगळे सुखरूप पोहोचायला हवेत.