कुर्ल्याची पालिओ, टर्बोविना पिकअप

2001 मध्ये फियाटने पालिओ भारतात आणली, तेव्हा छोट्या गाडीकडे लोक दोनच गोष्टी मागत होते : अ‍ॅव्हरेज आणि कमी खर्च. पालिओच्या 1.6 जीटीएक्स या मॉडेलने दोन्हींकडे सरळ पाठ फिरवली. बॉनेटखाली 1596 सीसीचे, 16 व्हॉल्व्हचे पेट्रोल इंजिन होते आणि ताकद सुमारे 100 हॉर्सपॉवर, म्हणजे त्या वेळच्या मारुती 800च्या दुपटीहून जास्त. जाहिरातीत सचिन तेंडुलकर होता आणि त्याच्या नावाची ‘एस10’ ही खास आवृत्तीही निघाली. पेट्रोल पिण्यासाठी ही गाडी बदनाम झाली, पण दुसऱ्या गेअरमध्ये पॅडल दाबल्यावर ती जशी उसळी घेते, त्यावर तिचे चाहते आजही जीव टाकतात.

टर्बो नसलेली, जुन्या बाजारात परवडणारी आणि मुळातच तेज, अशी ही गाडी. हिची ताकद थोड्या पैशांत आणखी वाढवता येईल का, हा प्रश्न पालिओवाल्यांना कधी ना कधी पडतोच. उत्तर शोधायला आधी कुर्ल्यात जावे लागते.

वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योगपतींनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी फियाट 1100 आणि पुढे पद्मिनी बाहेर पडली. पद्मिनीच्या 1089 सीसीतून जेमतेम 40 हॉर्सपॉवर निघत. पद्मिनी 2000च्या सुमारास थांबली आणि त्याच कुर्ल्यात पालिओ तयार होऊ लागली. तुलनेसाठी घेतलेली तिसरी गाडी कुर्ल्याची नसली तरी मुंबईकरांच्या ओळखीची आहे. सचिनने ब्रॅडमन यांच्या 29 कसोटी शतकांची बरोबरी केल्यावर 2002 मध्ये मायकल शूमाखरच्या हस्ते त्याला मिळालेली फेरारी 360 मोडेना. तिच्या आयात शुल्कावरून झालेला गदारोळ बऱ्याच जणांना आठवत असेल. तेव्हा फेरारीची मालकी फियाटकडेच होती.

या तिन्ही इंजिनांत टर्बो नाही. तरी एका लिटरमागे पद्मिनी सुमारे 37 हॉर्सपॉवर काढते, पालिओ 63 आणि फेरारी तब्बल 111. हा फरक हवेचा आणि फेऱ्यांचा आहे. टर्बो असेल तर तो हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतो. टर्बो नसेल तर पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढेल तेवढीच मिळते. मग ताकद वाढवायचे मार्ग मोजकेच उरतात : हवेची वाट मोकळी करा, मिश्रण जास्त दाबून पेटवा, नाहीतर इंजिन जास्त वेगाने फिरवा. पद्मिनीत कार्ब्युरेटर, पुशरॉड आणि सिलिंडरमागे दोन व्हॉल्व्ह. पालिओत दोन कॅमशाफ्ट, चार व्हॉल्व्ह आणि फ्युएल इंजेक्शन. फेरारीने सिलिंडरमागे पाच व्हॉल्व्ह बसवले, कनेक्टिंग रॉड टायटॅनियमचे केले आणि इंजिन मिनिटाला 8500 फेऱ्यांपर्यंत नेले. शेवटची पायरी सर्वांत महाग. फेऱ्या वाढल्या की पिस्टन आणि रॉडवरचा ताण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. नुसता कॅम बदलून भागत नाही, खालचे सगळे सामान त्या तोलाचे लागते.

म्हणून टर्बोवाल्या गाडीत लॅपटॉप जोडून अर्ध्या दिवसात होते ते इथे होत नाही. टर्बो इंजिनाचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, रीमॅप केला की हवेचा दाबच वाढवता येतो आणि ताकद 20 टक्क्यांच्या घरात वाढू शकते. पालिओसारख्या इंजिनात रीमॅपने इग्निशनचे टायमिंग आणि पेट्रोलचे प्रमाण तेवढे नीट होते. चार-पाच टक्के मिळाले तरी समाधान मानावे. तीच गत मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरची. आवाज ऐकून पिकअप वाढल्यासारखा वाटतो, इतकेच.

स्वस्तातला खरा फायदा हरवलेली ताकद परत मिळवण्यात आहे. वीस वर्षे जुन्या पालिओत मूळचे 100 हॉर्सपॉवर शिल्लक असतीलच असे नाही. जाणता मिस्त्री आधी चारही प्लग काढतो, एका भोकात कॉम्प्रेशन गेज बसवतो, पॅडल पूर्ण दाबून सेल्फ मारायला सांगतो आणि काटा कुठे थांबतो ते लिहून घेतो. मग दुसरा सिलिंडर, तिसरा, चौथा. चौघांचे आकडे जवळपास सारखे हवेत. एक खूपच खाली असेल तर त्या भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा माप घ्यायचे. काटा वर चढला तर रिंगा झिजल्या आहेत. जागचा हलला नाही तर संशय व्हॉल्व्हवर. हेड उतरवून व्हॉल्व्ह घासले की हेड पुन्हा बसवण्याआधी पोर्टमध्ये थोडे पेट्रोल ओतून पाहतात. सीटमधून ओल झिरपली नाही म्हणजे काम पक्के. प्लग, एअर फिल्टर, साफ केलेले इंजेक्टर आणि सुस्थितीतला ऑक्सिजन सेन्सर यांनी जेवढा पिकअप परत येतो, तेवढा कुठल्याही चमकदार किटने येत नाही.

विदर्भात आणखी एक हिशेब मांडावा लागतो. भंडारा जिल्ह्यातल्या करडीत मे महिन्याच्या दुपारी पारा 45 अंशांकडे जातो. 25 अंशांच्या हवेच्या तुलनेत ही हवा सुमारे 6 टक्के विरळ असते, म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनाला प्रत्येक ओढीत तेवढा प्राणवायू कमी. बॉनेटखालची हवा त्याहून तापलेली. अशा ठिकाणी उघडा, कोनाच्या आकाराचा फिल्टर लावणे म्हणजे इंजिनाला रेडिएटरमागची गरम वाफ पाजणे. कंपनीचा बंद डबा तसाच ठेवून त्याचा पाइप ग्रिलच्या पुढच्या थंड हवेपर्यंत नेला, तर खर्च थोडा आणि उपयोग खरा.

दुसरी स्वस्त गोष्ट वजनाची. 1000 किलोच्या, 100 हॉर्सपॉवरच्या गाडीतून 50 किलो उतरवले, तर जोर जवळपास 5 हॉर्सपॉवर वाढल्याइतका जाणवतो. जड अ‍ॅलॉय आणि रुंद टायर लावणारे नेमके उलट करतात. जीटीएक्सच्या चपळाईत गेअरिंगचाही वाटा होता. गेअरिंग आखूड ठेवल्याने गाडी पटकन उचलते, पण हायवेवर इंजिनाच्या फेऱ्या चढलेल्या राहतात आणि पेट्रोल जाते. मोठ्या घेराचे टायर लावले की हेच गेअरिंग लांबते आणि गाडी मंदावते.

आजचे पेट्रोलही 2001चे नाही. त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलचा ऑक्टेन चढा, पण लिटरमागची ऊर्जा पेट्रोलपेक्षा कमी. जुन्या गाडीत जास्त काळजी रबराची. फ्युएल होज आणि सील नव्या पेट्रोलला टिकणारे बसवणे हे ताकद वाढवण्याच्या आधीचे काम.

कायद्याची चौकटही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 बाबत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये निकाल दिला : आरसीवरच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. भंडाऱ्याच्या एमएच-36 पाटीच्या गाडीत परस्पर दुसरे इंजिन टाकले तर विम्याचा दावाही अडतो. रेसिंगचीच हौस असेल, तर चेन्नई आणि कोइम्बतूरचे ट्रॅक त्यासाठीच आहेत.

फियाटने भारतातला गाडीविक्रीचा धंदा आता आवरला आहे. पालिओचे सुटे भाग शोधणाऱ्यांची पावले अनेकदा कुर्ल्याच्याच जुन्या सामानाच्या बाजाराकडे वळतात. तेव्हा जीटीएक्स घ्यायचीच असेल, तर बयाणा देण्याआधी कॉम्प्रेशन तपासून घ्या, टायमिंग बेल्ट कधी बदलला ते विचारा आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहा. हातातले पैसे आधी हेड, ब्रेक, टायर आणि होजवर घाला. त्यातून उरले तरच रीमॅपचा विचार करा.